सांगून जा: सैनिकाच्या घरातल्या मुलांच्या मनाविषयी

बेळगावात कॅम्पमधून सकाळी कॉलेजला येणाऱ्यांना एक दृश्य रोजचं आहे. मराठा लाईट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे रिक्रूट रांगेत धावत जातात. रिक्षात शेजारी बसलेली मैत्रीण म्हणते, "काय स्टॅमिना आहे बघ!" त्यांचे बूट, त्यांचा घाम, त्यांची शिस्त आपल्याला दिसते. पुढं यांचीही लग्नं होतील, मुलं होतील आणि त्या मुलांचं बालपण बापाची रजा मोजण्यात जाईल, हे काही मनात येत नाही. माझ्याही येत नव्हतं. आणि मी तर फौजीच्याच घरातली.

यंदा मानसशास्त्राच्या प्रकल्पासाठी विषय निवडायचा होता. आमच्या मॅडम म्हणाल्या, "लांबचा कशाला शोधतेस? तुझ्या घरातला घे." हा लेख म्हणजे त्या प्रकल्पातला वाचकांना उपयोगी पडेल असा भाग. त्यात वाचलेलं आहे तसं पाहिलेलंही आहे. पाहिलेलं बहुतेक माझ्या धाकट्या भावाचं आहे. त्याला विचारून लिहिते आहे. त्याचं नाव मात्र लिहीत नाही, त्याला इथं नुसता 'बारक्या' म्हणते, कारण घरी आम्ही तेच म्हणतो.

आपला परिसर आणि पलटण

मराठा लाईट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ ची. 'जंगी पलटण' म्हणून ती ओळखली जाते. कोल्हापूर, सातारा, सांगली, बेळगाव या पट्ट्यातल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं सैन्यात जात आली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. ते गाव आज 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं. निपाणीपासून फार लांब नसलेलं, शिरोळ तालुक्यातलं 'सैनिक टाकळी' हे तर नावातच सैनिक घेऊन उभं आहे. आमच्या निपाणीकडच्या गावांतही एका गल्लीत दोन-तीन घरं मिलिटरीची सापडतात. एक भाऊ तंबाखूच्या शेतात, एक भाऊ फौजेत, ही आमच्याकडची जुनी वाटणी.

या परंपरेचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. पण मराठी वाङ्मय मंडळाचा अंक आहे म्हणून भाषेकडे जरा बारकाईनं पाहू. आपल्या भाषेत वीरमाता आहे, वीरपत्नी आहे, वीरपिताही आहे. 'वीरपुत्र' हा शब्दही आहे, पण त्याचा अर्थ शूर मुलगा. अंगणात बसून बापाची वाट बघणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला आपल्याकडं शब्दच नाही. आणि ज्याला शब्द नाही त्याच्याकडं लक्ष जायला वेळ लागतो.

एक खोटं

मी दहा वर्षांची होते, बारक्या सहाचा. पप्पा फील्डला होते आणि दोन महिन्यांची रजा संपवून परत निघायचे होते. आदल्या वेळी ते निघाले तेव्हा बारक्यानं रस्त्यावर लोळण घेतली होती, सगळी गल्ली गोळा झाली होती. म्हणून या वेळी मोठ्यांनी ठरवलं की पोरगं झोपेत असतानाच पहाटेच्या गाडीनं निघायचं. तो उठल्यावर काय सांगायचं ते काम माझ्याकडं आलं. मी सांगितलं, "पप्पा दुकानाला गेल्यात. येतील की."

बारक्या कट्ट्यावर बसला. जेवायला आला नाही. ऊन उतरलं तरी तो तिथंच. संध्याकाळी आज्जीनं उचलून आत आणलं तेव्हा तो रडला नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं, जमलं.

पण त्या रात्रीपासून तो झोपेना. डोळा लागला की दचकून उठायचा आणि आई शेजारी आहे का हातानं चाचपायचा. आई मागच्या दारी भांडी घासायला गेली तरी तो मागं. शाळेत सोडायला गेलं की फाटकाला मिठी. पुढच्या रजेत पप्पा आले, आणि रजेचे शेवटचे आठ दिवस राहिले तसं तो अंथरूण ओलं करू लागला. घरात कुणी म्हणालं थंडी बाधली, कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं लाडानं बिघडलाय. पप्पांनी एकदा रागावून हात उचलला. मग रात्रभर ते स्वतःच जागे होते.

आज मला कळतं की तो बिघडला नव्हता. झोपलं की माणूस निघून जातं, हा धडा त्याला आम्हीच शिकवला होता. तो धडा त्यानं नीट पाठ केला होता, एवढंच.

अभ्यासक काय सांगतात

मूल आणि ताटातूट या विषयाचा पद्धतशीर अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाला. लंडनवर बॉम्ब पडत होते आणि मुलांना सुरक्षित राहावं म्हणून खेड्यांत पाठवलं जात होतं. त्या काळात ॲना फ्रॉईड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमध्ये मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली आणि आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. त्यांना दिसलं ते आजही विचार करायला लावणारं आहे. आईजवळ राहून बॉम्बहल्ला सोसणाऱ्या मुलांपेक्षा, सुरक्षित जागी पण आईपासून दूर गेलेली मुलं पुष्कळदा जास्त खचत होती. आणि आई शांत असेल तर तिच्या कुशीतलं मूलही बरंच शांत राहत होतं.

पुढं जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी लहान मुलांच्या ताटातुटीतल्या तीन पायऱ्या मांडल्या. आधी मूल निषेध करतं: रडतं, लोळतं, चिडतं. मग ते निराश होतं: गप्प बसतं, खात नाही. शेवटी ते अलिप्त होतं. अलिप्त मूल बाहेरून शहाणं दिसतं, आणि गोंधळ होतो तो इथंच. घरच्यांना वाटतं पोरगं सावरलं. प्रत्यक्षात त्यानं आशा सोडलेली असते. हा अभ्यास मुख्यतः आईपासून दुरावलेल्या अगदी लहान मुलांचा आहे. बाप दूर आणि आई जवळ असेल तर ओझं पुष्कळ हलकं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. तरी कट्ट्यावरून न रडता आत आलेला बारक्या मला या तिसऱ्या पायरीजवळ दिसतो.

सैनिकांच्या कुटुंबांचा वेगळा अभ्यासही झाला. अमेरिकेत रूबेन हिल यांनी १९४९ साली युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या घरांवर पुस्तक लिहिलं. ताटातूट जशी संकट असते तशी पुनर्भेटही घराची कसोटी असते, हे त्यात पुढं आलं. नंतरच्या अभ्यासकांनी या ये-जा करण्याचे पाच टप्पे केले: निघण्यापूर्वीचा काळ, निघाल्यानंतरचा पहिला महिना, मधला लांब काळ, परतण्याआधीचा महिना आणि परतल्यानंतरचे तीन ते सहा महिने.

हे टप्पे वाचताना मी आमच्या घरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिले आणि एका जागी अडले. आपल्याकडं जवानाला वर्षाला साधारण ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची कॅज्युअल रजा असते. ती एकदम मिळत नाही, तुकड्यांनी मिळते. म्हणजे पाचव्या टप्प्याला, बाप आणि मूल पुन्हा एकमेकांत मिसळायला, जे तीन-सहा महिने लागतात, ते आपल्याकडच्या रजेत मावतच नाहीत. पहिले आठ-दहा दिवस मूल लाजतं, मग चिकटतं, आणि नीट जमलं म्हणेपर्यंत पेटी भरायला घेतली जाते. वर्षात दोन-तीन वेळा चाक फिरतं आणि दर वेळी शेवटचा टप्पा अर्धाच राहतो. बारक्याचं अंथरूण रजेच्या शेवटच्या आठवड्यातच का ओलं व्हायचं, ते मला इथं कळलं.

वयानुसार काय दिसतं

तीन-चार वर्षांपर्यंतच्या मुलाला 'मार्चमध्ये येतील' याचा अर्थ कळत नाही. ते आईला चिकटतं, झोप मोडते, आलेलं बोलणं किंवा सुटलेली सवय मागं जाते. बाप आल्यावर ते ओळख दाखवत नाही. तो बापाचा अपमान नसतो, मुलाला सवय व्हायला वेळ हवा असतो.

सहा ते दहाच्या मुलाला काळ कळतो, पण कारण कळत नाही. 'मी त्रास दिला म्हणून पप्पा गेले' असं ते मनातल्या मनात ठरवतं. पोट दुखतं, डोकं दुखतं, डॉक्टरांना काही सापडत नाही. मुलगे बऱ्याचदा मारामारीवर येतात, म्हणून त्यांच्याकडं निदान लक्ष तरी जातं.

किशोरवयात राग येतो आणि तो बहुधा आईवर निघतो. थोरला मुलगा 'घरातला कर्ता' होऊन बसतो आणि मग बाप रजेवर आला की दोघांची टक्कर होते, कारण खुर्ची एकच असते.

आणि एक प्रकार कुठल्याच तक्रारीत येत नाही. तो म्हणजे अति समजूतदार मूल. मी ते होते. आईचं डोकं दुखतंय तर आपण भाकरी थापायची, आज्जीच्या गोळ्या आपण लक्षात ठेवायच्या, फोनवर पप्पांना "सगळं बरं आहे" म्हणायचं. गल्लीत सगळे म्हणायचे, "पोरगी किती शाणी हाय!" शहाणपणाचं कौतुक झालं की रडायची सोय राहत नाही. शिक्षक होणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे: वर्गातल्या दंगेखोरासोबत त्या कधीच काही न मागणाऱ्या मुलीलाही एकदा विचारा, तू कशी आहेस?

सीमाभागातली वेगळी अडचण: भाषा

सैनिकाच्या मुलांना बदल्यांमुळे शाळा बदलावी लागते हे सरकारनं फार पूर्वी ओळखलं. केंद्रीय विद्यालयांच्या योजनेला १९६२ मध्ये मंजुरी मिळाली आणि १९६३ मध्ये रेजिमेंटच्या २० शाळा घेऊन ती सुरू झाली. बदली होणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना देशात कुठंही एकसारखा अभ्यासक्रम मिळावा, हा हेतू. बेळगावच्या कॅम्पमध्येही केंद्रीय विद्यालय आहे. बाप पीस स्टेशनला असेपर्यंत, फॅमिली क्वार्टर असेपर्यंत ही सोय उत्तम चालते.

अडचण येते ती बापाला फील्ड पोस्टिंग लागून कुटुंब गावी परतल्यावर. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपला हा भाग कर्नाटकात आहे. घरात मराठी, शाळेत कन्नड अनिवार्य आणि निपाणीच्या वेशीवर अर्जुननगर म्हटलं की महाराष्ट्र सुरू. इथं जन्मापासून वाढलेल्या मुलाला यात काही विशेष वाटत नाही. तो तिन्ही भाषांत भांडू शकतो. पण चौथीपर्यंत उत्तरेकडच्या कॅन्टोन्मेंटमध्ये हिंदी-इंग्रजीत शिकलेलं मूल पाचवीला इथं येतं तेव्हा त्याला कन्नड अक्षर ओळखत नाही, आणि त्याची मराठीही हिंदाळलेली असते.

माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. "मेरेको नहीं, मला नाय येत" असं काहीतरी बोलला आणि पोरांनी त्याचं नाव 'भैय्या' पाडलं. त्यानंतर तो चार महिने वर्गात बोललाच नाही. शिक्षकांनी त्याला 'ढ'च्या बाकावर बसवलं. भाषा शिकण्याच्या अभ्यासात 'मूक काळ' नावाची गोष्ट आहे हे मी अलीकडं वाचलं. नवी भाषा कानावर पडू लागली की अनेक मुलं काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहून नुसतं ऐकतात. तो मठ्ठपणा नसतो. आपण त्या मुलाला तेवढा वेळ दिला नाही. चिडवण्यात मीही होते, हे इथं लिहून ठेवते. फौजीची मुलगी असूनही मला तो कळला नाही.

भाषेवरून या भागात मोठ्यांची भांडणं पुष्कळ झाली आहेत. मुलासाठी मात्र भाषा म्हणजे आधी मित्र मिळणं. डबा खाताना ज्या भाषेत बोलता येतं ती त्याची भाषा.

ठावठिकाणा नसलेलं दुःख

पॉलीन बॉस या अभ्यासिकेनं १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांच्या घरांचा अभ्यास केला. माणूस गेला असंही म्हणता येत नाही आणि आहे असंही नाही, अशा दुःखाला तिनं नाव दिलं. मराठीत त्याला 'अनिश्चित वियोग' म्हणता येईल. आपल्या इतिहासात हे नवं नाही. १९१६ च्या एप्रिलमध्ये मेसोपोटेमियात कुत येथे वेढ्यात सापडलेल्या फौजेनं शरणागती पत्करली, त्यात मराठा पलटणीही होत्या. तिकडं कैदेत गेलेल्यांच्या घरी इकडं मुलं काय समजून वाढली असतील?

याच वियोगाचं दुसरं रूप रोजचं आहे: माणूस घरात आहे, पण मनानं नाही. पप्पा पेन्शनीला आले तेव्हा बारक्या तेरा वर्षांचा होता. आता कायमचे आले म्हणून आम्ही पेढे वाटले. पण पप्पांना पहाटे चारला जाग यायची. चपला रांगेत नसल्या की त्यांचा आवाज चढायचा. फटाका वाजला की ते उठून आत जायचे. बारक्याला घरात बाप हवा होता, आला होता हवालदार. आणि पप्पांनाही घर हवं होतं. त्यांच्याशिवाय चालायला शिकलेलं घर त्यांना कुठं बसावं ते दाखवत नव्हतं.

आपल्या कॉलेजच्या प्रार्थनेत उधळ्या पुत्राचा दृष्टान्त बहुतेकांनी ऐकला आहे. परतलेल्या मुलाला मिठी मारणारा बाप सगळ्यांना आठवतो. मला त्यातला थोरला भाऊ आठवतो, जो घरात मेजवानी चालू असताना रागानं बाहेर उभा राहतो. तो वाईट नाही. इतके दिवस तोच घर सांभाळत होता, आणि त्याला कुणी विचारलं नाही. दृष्टान्तातला बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, हे मला त्या गोष्टीतलं सर्वांत मोठं वाटतं. परतणारा कुणीही असो, बाहेर उभ्या राहिलेल्याकडं कुणीतरी जावं लागतं. आमच्याकडं आई गेली. तिनं पप्पांना सांगितलं, "आधी सहा महिने घर नुसतं बघा. मग काय बदलायचं ते बघू." ते ऐकलं म्हणून पुढचं बरं झालं.

काय करता येतं

पहिलं आणि सर्वांत महत्त्वाचं: सांगून जा. मूल रडेल, लोळेल, गल्ली जमेल. जमू दे. समोर रडलेलं दुःख उतरतं. फसवणुकीनं आलेली भीती उतरत नाही. 'मी जातोय, माझं काम आहे, तू काही केलंस म्हणून नाही, रजा मिळाली की येईन' एवढं तीन वर्षांच्या पोरालाही सांगता येतं.

दुसरं, दिवस दिसू द्या. आमच्या शेजारच्या घरात एका काकूंनी डब्यात चिंचोके भरून ठेवले आहेत. मुलगी रोज रात्री एक काढते. पण तारखेचं वचन देऊ नका, कारण रजा रद्द होते. 'येतील' ऐवजी 'रजा मिळाली तर येतील' म्हणावं आणि डब्यात चार चिंचोके जास्तच टाकावेत.

तिसरं, 'येऊ देत तुझ्या पप्पांना, मग बघ' हे वाक्य घरातून काढून टाका. शिक्षेचा सगळा साठा रजेवर येणाऱ्या माणसासाठी ठेवला तर मूल त्याच्या येण्यालाच भिणार.

चौथं, फोन. नेटवर्क दोन मिनिटं मिळतं आणि त्यात 'मार्क किती पडले?' हा प्रश्न जातो. त्याऐवजी 'आज कुणाशी भांडलास?' विचारावं. ज्या दिवशी फोन लागणार नाही त्या दिवसांसाठी बापानं आपल्या आवाजात एखादी गोष्ट रेकॉर्ड करून ठेवावी. झोपताना ऐकायला तेवढं पुरतं.

पाचवं, आईला आधार. मूल सावरतं ते आईच्या सावरण्यावर. आमच्याकडं फौजीची बायको जरा हसली तरी बोलणारे आहेत आणि गप्प राहिली तरी बोलणारे आहेत. तिला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळणं हा मुलाच्या आरोग्याचाच भाग आहे. आत्ती, मावशी, शेजारीण यांनी मुलांना थोडा वेळ सांभाळणं हेही देशाचंच काम आहे.

सहावं, टीव्ही. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत आमच्या गल्लीत टीव्ही दिवसभर चालू होते, सायरनचे आवाज, मोठी मोठी अक्षरं. ज्या घरातला माणूस सीमेवर आहे त्या घरात मूल ते बघत असतं आणि प्रत्येक धुराच्या ढगात आपल्या बापाला ठेवत असतं. बातम्या मोठ्यांनी बाजूला बघाव्यात, मुलाला थोडक्यात खरं सांगावं आणि त्याच्या प्रश्नांसाठी जागं राहावं.

सातवं, मृत्यूची बातमी आलीच तर. मुलाला 'पप्पा झोपलेत', 'लांब गेलेत' असं सांगू नये, कारण मग ते झोपेला भितं आणि वाट बघत राहतं. पप्पा वारले, ते परत येणार नाहीत, हे जवळच्या माणसानं कुशीत घेऊन साध्या शब्दांत सांगावं. सहा वर्षांच्या मुलाला कॅमेऱ्यापुढं सॅल्यूट करायला उभं करून 'तूही फौजीच होणार ना?' असं विचारू नये. त्या दिवशी त्याला फक्त मूल राहू द्यावं.

मदत कुठं मिळते

झोप, जेवण, शाळा किंवा बोलणं यांतला बदल तीन-चार आठवडे टिकला, मूल स्वतःला इजा करू लागलं किंवा 'मी नसलेलं बरं' असं बोललं, तर थांबू नये. शेवटच्या दोन गोष्टींत तर एक दिवसही थांबू नये. टेलि-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा नंबर १४४१६. ती मोफत आहे आणि मराठी, कन्नड दोन्हींत बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात चालतो. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे. आपल्या जवळ धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. सैनिकांच्या पत्नींची 'आवा' ही संघटना १९६६ पासून काम करते. तिच्या आशा शाळा विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी आहेत.

'वेड्यांच्या दवाखान्यात नेलं' असं गाव म्हणेल, ही भीती मला माहीत आहे. बारक्याला आम्ही कुठंच नेलं नाही, याचं कारणही तेच. तो सावरला, पण त्याला वेळ फार लागला, आणि तो वेळ त्यानं एकट्यानं काढला.

शेवटी

बारक्या आता सतरा वर्षांचा आहे. रोज पहाटे हायवेच्या सर्व्हिस रोडवर धावतो. त्याला अग्निवीर भरतीला उतरायचं आहे. चार वर्षांची सेवा, वर्षाला ३० दिवसांची रजा, आणि त्यानंतर चौघांतला एक कायम होणार, हे सगळं त्याला पाठ आहे. पप्पा हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. घरात आता आमच्या मोठ्या काकांचा नातू आहे, पाच वर्षांचा. तो बारक्याच्या मागं मागं असतो.

हा लेख लिहिण्याआधी मी बारक्याला त्या 'दुकाना'बद्दल विचारलं. मला वाटलं होतं तो विसरला असेल. तो म्हणाला, "तू पण लहानच होतीस की." मग बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, "मी जाताना मात्र त्या पोराला उठवून सांगून जाणार. रडू दे."

चर्चेसाठी

१. तुमच्या ओळखीत सैनिकाचं किंवा कामासाठी दूर असलेल्या बापाचं मूल आहे का? त्याच्या कोणत्या वागण्याला आपण 'खोड' म्हणतो आणि ते प्रत्यक्षात काय असू शकेल?

२. सैनिकाची वाट बघणाऱ्या मुलासाठी मराठीत एखादा शब्द सुचवा. तुमच्या घरच्या बोलीत असेल तर फारच चांगलं.

३. मराठी कथा-कवितेत सैनिकाचं मूल कुठं कुठं भेटतं? तिथं ते बोलतं की नुसतं झेंडा धरून उभं असतं?

४. आपल्या वर्गात मध्येच दाखल झालेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पहिल्या महिन्यात मंडळातर्फे काय करता येईल? एक गोष्ट ठरवा, आणि ती करा.